मोयेपाम्पाचे बारा उपाशी किडे

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कीटकगृहाचे संचालक डॉ. रोलान्दो उर्किदी, आरोग्य खात्यातून आलेले सन्माननीय पाहुणे, व्यासपीठावरील सहकारी, मोयेपाम्पा गावाहून दोन बस बदलून आलेली पाहुणेमंडळी, आणि जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती आजची उत्सवमूर्ती, दोन्या सेनोबिया कोन्दार्को!

सर्वांना नमस्कार. मागच्या टेबलावर साल्तेन्यांच्या करंज्या गार होताहेत आणि काही नजरा तिकडे वळल्या आहेत, हे मला दिसतंय. जरा धीर धरा. मला आज थोडं जड बोलायचं आहे.

एकतीस वर्षं या बाईंनी विंचुका पाळल्या. घराच्या भिंतीतल्या फटींतून उतरून झोपलेल्या माणसाचं रक्त पिणारा आणि चागासचा आजार मागे ठेवून जाणारा हा किडा. आपल्या कोचाबाम्बाच्या खोऱ्यात कुणाच्या घरी त्या आजाराने हृदय निकामी झालेलं माणूस नाही? त्याच किड्याला यांनी बरणीत ठेवलं, कोंबडीचं रक्त पाजलं, वर दमही दिला. "अगं बये, परवाच जेवलीस ना? मग आता गप्प बस!" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. प्रत्येक बरणीचं शेवटचं जेवण यांच्या वहीत तारखेनिशी असतं. आम्ही शिकलेली माणसं त्या वहीला हसायचो.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोयेपाम्पा हे दोन्या सेनोबियाचं माहेर. तिथे फवारणीनंतरही किडे मरत नाहीत, अशी तक्रार आली. किड्यातलं विष पचवणारं जनुक जास्त जोराने चालतंय का, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. गावच्या मंडळींसाठी सोपं करून सांगते. जनुकाचा जोर सुटा मोजता येत नाही. शेजारी दुसरं एक जनुक धरावं लागतं, काहीही झालं तरी जागचं न हलणारं. त्याच्याशी ताडून मोजायचं. आमच्याकडे ते जनुक म्हणजे अ‍ॅक्टिन. का? तर माझ्या गुरूंनी तेच वापरलं, आणि त्यांच्याही गुरूंनी. फ्रीजच्या वरच्या खणात त्याची कुपी कायम तयार. कुणी कधी विचारलंच नाही.

गावाहून किडे आले ते प्रवासाने अर्धमेले. मी हुकूम सोडला, आधी यांना खाऊ घाला. आमच्या बरण्यांतले किडे मात्र पंधरा दिवसांचे उपाशी, नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे. तेव्हा दोन्या सेनोबिया बरणी हातात घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"डॉक्टरबाई, हे काही बरोबर नाही. आपले उपाशी आणि हे पाव्हणे आत्ता जेवून उठलेले. पोट बघा कसं तट्ट फुगलंय! आत नुसती ओढाताण चाललीय. तुमचं ते न हलणारं जनुक एवढ्या धांदलीत गप्प बसेल होय?"

मी म्हणाले, "दोन्या सेनोबिया, अ‍ॅक्टिन हलत नाही. साऱ्या जगाने मोजलंय."

"जगाने आपल्या विंचुकांना जेवताना बघितलंय का?"

सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसले, आणि वर म्हणाले, "तुम्ही बरण्या सांभाळा, जनुकं मी सांभाळते." मंडळी, हे वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

उत्तर छान आलं. विष पचवणारं जनुक दोन्हीकडे सारखंच. आम्ही अहवाल दिला की औषध लागू पडतंय, तेच चालू ठेवा. खात्याने तीन वर्षं तेच फवारलं. गावकरी सांगत राहिले की किडे भिंतीवर मजेत फिरताहेत. आम्ही काय म्हणालो? तुम्ही घरं नीट झाडत नाही. त्यांच्याच अंगणात उभं राहून त्यांना म्हणालो!

या जुलैमध्ये माझा दुसरा एक लेख परत आला. कुणा अनोळखी परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती: तुमचं संदर्भ जनुक स्थिर आहे हे तपासलंत का? बघा, दोन्या सेनोबियाने तोंडावर सांगितलं तर मला हसू आलं, आणि परक्या माणसाने कागदावर विचारलं तर तेच मला पटलं.

मी दोन्या सेनोबियाकडे गेले. त्यांनी डीप फ्रीजरच्या तळातून एक पाकीट काढलं.

"हे काय?"

"मोयेपाम्पाचे बारा. त्या वेळी यांना जेवू न घालता तसंच गोठवून ठेवलं. तुम्ही ओरडला असतात म्हणून बोलले नाही."

मग मी नऊ जनुकं तपासली. उपाशी किड्यांत, जेवलेल्यांत, औषध लागलेल्यांत. सर्वांत जास्त हललं ते अ‍ॅक्टिन. जेवणानंतर ते इतकं चढतं की त्याच्या शेजारी विष पचवणारं जनुक शांत दिसतं. तीन जनुकं मात्र जागची हलली नाहीत. त्या तिन्हींशी ताडलं, तर गावच्या त्या बारा उपाशी किड्यांत विष पचवणारं जनुक आपल्या किड्यांच्या सहापट जोरात. म्हणजे औषध तीन वर्षं वायाच गेलं होतं.

आणि या तीन वर्षांत मोयेपाम्पात अकरा मुलांना लागण झाली. त्यातलं एक दोन्या सेनोबियाच्या बहिणीच्या घरातलं. या बाईंनी मला एका शब्दानेही "मी सांगितलं होतं" असं म्हटलेलं नाही. त्या म्हणाल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

औषध बदला, असं पत्र मी लिहिलं. अध्यक्ष महोदय, ते नऊ दिवस तुमच्या सहीसाठी टेबलावर पडून आहे. काल तुम्ही मला प्रेमाने म्हणालात, "फाबिओला, उद्या केक कापायचा दिवस आहे. संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे, सोमवारी बघू." पण फवारणीची गाडी सोमवारी पहाटेच निघते आणि तिच्यात तेच जुनं औषध भरलेलं आहे. नोव्हेंबरचा उन्हाळा तोंडावर आला, किडे वाढायला लागतील. म्हणून मी पत्राची दुसरी प्रत घेऊन आले आहे. ती तुमच्यासमोर ठेवते. आरोग्य खात्याचे पाहुणे तुमच्या शेजारीच बसले आहेत. माझी सही झालीय. खाली दोन्या सेनोबियाचीही आहे, कारण हे संशोधन त्यांचं आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी बोलायची संधी दिली, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. पण दोन्या सेनोबिया, त्या दिवशी तुम्हाला हसले, ते मात्र मला माफ करू नका. निदान डॉ. उर्किदी सही करेपर्यंत तरी नको.