पायरीवरची आक्का

माझ्या समाजसेवेवर हसता ना, मग हे ऐका. वडगावात दिव्यांग मुलांसाठी आम्ही दर शनिवारी तीन तास खेळवर्ग घेतो. तेवढाच आयांना विसावा. शांताआक्का मात्र लेकीला आत सोडून बाहेर पायरीवरच बसायच्या. मला ते बघवेना.

"आक्का, घरी जाऊन झोपा की."

"हितंच बरं हाय रं."

"आमच्यावर विश्वास न्हाय व्हय?"

त्या उठून गेल्या. मला वाटलं, जिंकलो. तीन शनिवार मी त्यांना असंच घालवलं. चौथ्या शनिवारी लेकीला न्यायला आल्या, तेव्हा केसांत सुताचे तुकडे, डोळे तांबडे.

"झोपला न्हाय व्हय?"

"घरात कापडाचं माग हाईत रं. मोकळी दिसली की सासू मागावर हुभी करती. पोरीच्या निमित्तानं हितं जरा बसाय मिळायचं."

पुढच्या शनिवारी मी पायरीवर सतरंजी टाकून वाट बघत होतो. नातीला सोडायला सासूबाई आल्या.

"आक्का न्हाय आल्या?"

"तिचं काय काम हितं? थांबायची गरज न्हाय म्हणून तुम्हीच सांगितलासा न्हवं?"