कागलचं बाळंतपण आणि खोललेली गाडी

नव्या गाडीचं कौतुक मला सांगू नका. खेड्यातल्या बाळंतपणांना वेळेत पोचावं म्हणून मी, डॉक्टर माणसानं, हौसेनं घेतली आणि पहिल्याच महिन्यात तिचा गिअर अडकायला लागला. शोरूमवाले दुरुस्त करून देत, आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी त्यांनी अख्खा गिअरबॉक्स खोलला आणि गाडी तिथंच पडून राहिली. विचारलं की मॅनेजर म्हणायचा, "उद्या न्या की!"

एका दुपारी तोच मॅनेजर घामाघूम होऊन सायकलवरून दवाखान्यात आला.

"डॉक्टर, गाडी काढा! बायको माहेरी कागलला अडलीया. सुईणीनं हात टेकलं."

"अहो, गाडी तुमच्याकडंच हाय की!"

तो मटकन खाली बसला.

"मग शोरूमची आणा," मी ओरडलो.

"ती बी आमच्याच मिस्त्रीनं खोललीया," म्हणाला आणि रडायलाच लागला.

एसटी नुकतीच गेली होती. टांगा केला. वाटभर तो टांगेवाल्याला हात जोडत होता. बाई वाचली, मूल हाती लागलं नाही.

पुढं एक दिवस त्यानं स्वतः गाडी आणून माझ्या दारात लावली.

"झाली दुरुस्त?" मी विचारलं.

खाली बघत तो म्हणाला, "इथवर तरी आली. उद्याचं ठाऊक न्हाय, डॉक्टर."