रविवारी बोललेला गुरुवारचा संदेश

हॅलो?… हॅलो, हां वहिनी, बोल. थांब, मशीन बंद करते, काही ऐकू येत नाहीये… हां. आता बोल. झालं का ऑपरेशन? बाहेर आणलं दादाला?

नाही? अजून आतच नेलं नाही? अगं, नऊची वेळ होती ना त्याची?… हं… डॉक्टर येऊन गेले… मग?

सही केली नाही? कोणी, दादानं?… आणि तूही नाही म्हणालीस?… अगं पण काल सगळं ठरलं होतं! पायाची सडलेली दोन बोटं काढायची, विष वर चढू द्यायचं नाही, पंधरा दिवसांत माणूस घरी. तूच मला सांगितलंस की. मग आज सकाळी काय झालं?

रडतेयस का?… हसतेयस? वहिनी, तू हसतेयस?

कोणता संदेश?

माझा?… आजचा?… हो, सहा वाजता जातो तो. अगं पण तो सगळ्यांनाच जातो, चर्चच्या अख्ख्या मंडळीच्या ग्रुपवर जातो… हो, हो… अगं ऐक ना… नको, लावून दाखवू नकोस, मला माझाच आवाज ऐकवत नाही… अगं नको म्हणते ना…

हं… ऐकतेय… 'देव फाटलेलं फेकून देत नाही, देव शिवून घेतो. गेलं असं लोक ज्याला म्हणतात, ते तुमच्याजवळच राहणार आहे. भिऊ नका'… हो, मीच आहे ती. बंद कर आता.

आणि हे तुला दादाच्या पायाबद्दल वाटलं?… दादालाही?… उशाशी फोन धरून पुन्हा पुन्हा ऐकला?… अरे देवा.

बसा हं ताई, दोन मिनिटं. बाही लावायची राहिलीये फक्त… तुला नाही गं वहिनी, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

हे बघ, आता मी सांगते ते शांतपणे ऐक. तो संदेश आजचा नाही… म्हणजे आला आज, पण आजचा नाही. मी रविवारी आठवड्याचे सगळे एकदम बोलून ठेवते. उपासनेवरून आलं, जेवलं, की बसायचं आणि सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे उरकून टाकायचे. पाळकबाईंनी शिकवलंय, वेळ लावून ठेवली की आपोआप जातो. रोज पहाटे उठून कोण बोलणार? 'शुभ सकाळ प्रियजनहो' म्हणते ना, तेव्हा मी घोरत असते!… हो, घोरत. तुला काय वाटलं, गुडघ्यावर असते?

रविवारी दादाच्या पायाचं मला माहीतसुद्धा नव्हतं. समोर एका बाईंचा कोट पडला होता. त्या म्हणाल्या टाकून द्या, मी म्हटलं द्या इकडे, शिवते. त्यावरून सुचलं. कोटावरून, वहिनी! कोटावरून!

काय?… 'देवाला रविवारी माहीत नव्हतं का?'… अं… देवाला असेल माहीत. मला नव्हतं… हो, देव आधीच बोलू शकतो… शकतो गं… मी कुठे म्हणतेय शकत नाही?… अगं तू मला माझ्याच शब्दांत पकडतेयस!

बरं, मग कोटाची गोष्ट पूर्ण ऐक. त्याची कॉलर ओलीनं कुजली होती. कुजक्या कापडात टाका धरत नाही, धागा ओढला की पुन्हा उसवतं. म्हणून आधी कुजलेलं सगळं कापून काढावं लागतं, चांगलं कापड लागेपर्यंत. मन घट्ट करून कापावं लागतं. मग शिवायचं. मी तेच केलं… नाही, संदेशात नाही सांगितलं… का म्हणजे? सकाळी सकाळी कात्रीचं कोणाला ऐकायचं असतं? माणसाला वाटतं, दिवसाची सुरुवात गोड व्हावी. म्हणून मी गोड तेवढं ठेवलं आणि बाकीचं खाली पाडलं.

बदलत नाहीये गं मी, खरं तेच… माझा विश्वास डळमळला?… सैतान? माझ्या तोंडून? म्हणजे सहाला देव बोलला आणि दहाला सैतान, आणि तोंड तेच? वहिनी, अगं आपण भांड्यांवरून भांडतो तेव्हासुद्धा तू मला इतकं बोलत नाहीस!

पाळकसाहेबांना विचारलंस का?… उचलत नाहीत… मग मी येते. मी येऊन त्याच्याशी… नाही, संध्याकाळशिवाय गाडी नाही. पोहोचेपर्यंत उद्या उजाडेल. डॉक्टर काय म्हणतात, उद्यापर्यंत थांबलं तर?… घोट्यापासून पाय काढावा लागेल?… आणि तेही जमलं नाही तर?… नको, पुढचं बोलू नकोस. एवढं ऐकून तू हसत होतीस?

कोण आलंय?… नर्स?… शेवटचं विचारताहेत? अगं मग त्यांना थांबव. दारात आडवी पड, पण जाऊ देऊ नकोस. आणि दादाला दे फोन… झोपला नाहीये, मला त्याचा खोकला ऐकू येतोय. दे म्हणते ना!

दादा… हो, मीच… आवाज किती बारीक झालाय रे तुझा… हो, कळलं, ऐकलास तू… चांगली बोलले? नको रे असं म्हणूस. दादा, सही कर… 'तूच तर म्हणालीस भिऊ नका'… हो, म्हणाले… त्यानंतर डोळा लागला तुझा?… किती दिवसांनी… हं… हं…

नाही, रडत नाहीये. सर्दी झालीये.

कशा आवाजात?… सकाळच्या?… त्या आवाजात सांगितलं तर करशील सही? बरं. थांब, सांगते. 'शुभ सकाळ, प्रिय… प्रियजनहो, आज…'

नाही जमत, दादा. तो आवाज येतच नाहीये. त्याला पोट भरलेलं असावं लागतं, दार लावलेलं असावं लागतं, आणि तू बरा असावा लागतोस.

काय?… मला भीती वाटते का?

हो.

हो रे, वाटते. खूप वाटते. आई गेली, बाबा गेले, आता लहानपणापासून मला ओळखणारा तू एकटा उरलास. तू गेलास तर मी कोणाला दादा म्हणू? देवानं काय सांगितलंय ते मला नाही माहीत. मला भीती वाटतेय म्हणून सांगतेय, सही कर. दुसरं काही कारण नाही माझ्याकडे.

दादा?… आहेस ना?

तुलाही?… कधीपासून?… पहिल्या दिवसापासून? मग बोलला का नाहीस कोणाशी?… हं… आधी धीर झाला नाही, आणि आज 'भिऊ नका' ऐकल्यावर कसं सांगायचं, अं… भेटायला आलेले सगळे मोठमोठ्यानं आमेन म्हणत होते… हो… हो रे राजा… चुकलं माझं. तू घाबर. खुशाल घाबर. घाबरत घाबरत केलेली सहीसुद्धा चालते.

वहिनी, पेन दे त्याला! नर्सबाईंकडे असेल, माग त्यांच्याकडे… वाकडी आली तरी चालेल रे… केलीस?… खरंच केलीस?… हं. जा आता. नीट जा… काय बोलू? काही नाही. जा तू.

वहिनी?… नेलं?… दार लावलं त्यांनी?… बाकावर बस आधी. पाणी पी घोटभर.

रागावलीस ना?… रागाव, तुझा हक्कच आहे… नाही गं, खोटं नव्हतं ते. म्हणजे… कोटापुरतं खरं होतं… हो, हो… अगं ऐक ना… मग तू काय धरून बसायचं? मला नाही माहीत, वहिनी. अख्ख्या गावाला शहाणपण शिकवते आणि माझ्या भावामागे दार लागलंय तर तोंडात एक शब्द नाही. उद्याचासुद्धा बोलून ठेवलाय… नको ऐकूस. मी तो काढूनच टाकते.

प्रार्थना?… मी नको. आत्ता माझ्या तोंडून सगळं पाठ केलेलं येईल, आणि ते तुला ऐकवायची लाज वाटते मला. तू कर… येत नाही कसं? मोठ्यानं कधी केली नाहीस, माहितीये. मंडळीत सगळ्यांसमोर उभं राहायचं म्हटलं की तू मागच्या बाकावर जाऊन बसतेस. पण इथे कोण आहे? मी आहे, आणि ते गिऱ्हाईक… अहो ताई, तुम्ही कशाला रडताय?… कर, वहिनी. तोडकं मोडकं चालेल. मी ऐकते.

हं.

…

हं.

झालं?… 'त्याला भीती वाटतेय, तू त्याच्याजवळ थांब'… नाही नाही, कमी कसं? पुरे आहे. आमेन गं… आमेन.

नको, ठेवू नकोस. काही बोलायचं नाही, नुसता चालू असू दे. तू तिथे बस, मी इथे बसते… हो, दुकान बंद करते, काम गेलं खड्ड्यात… दार उघडलं का?… दुसऱ्याच कोणाला आणलं?… बरं… मी आहे. तू आहेस ना?… आहेस ना, वहिनी?… वहिनी?… फोन कटला की काय?… हॅलो?