तीन-दोनचा दिवा

माझे व वडिलांचे नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे. कामावर मला टेस्टर म्हणतात, कारण वीज तपासायचा टेस्टर माझ्या खिशात नेहमी असतो. वय तेवीस वर्षे, शिक्षण दहावी नापास, धंदा अवजड मशीनच्या वायरिंगची दुरुस्ती. राहणार मामांच्या वर्कशॉपमागची खोली.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, हा जबाब हवालदारसाहेबांच्या परवानगीने मी माझ्याच अक्षरात लिहीत आहे.

माझे मामा गेल्या वर्षी वारले. त्यांच्यामागे मामी आणि एक जुना लोडर आहे. लोडर म्हणजे पुढच्या मोठ्या बकेटने माती-खडी उचलणारे मशीन. मामी तो रस्त्याच्या कामांवर भाड्याने देते, घर त्यावरच चालते. मागच्या महिन्यात तो कामाच्या जागेवरून चोरीला गेला. तक्रार मामीने दिलेली आहे. काल जुन्या मशीनच्या एका व्यापाऱ्याच्या आवारात तसाच लोडर आढळला, म्हणून ओळख पटवण्यासाठी पोलिसांनी मला व मामीला तेथे नेले.

लोडरला निळा रंग दिलेला होता. आमचा पिवळा होता. नंबराची पट्टी काढलेली होती. व्यापारी म्हणाला, "हा माझा माल आहे. असे कितीतरी फिरतात बाजारात." नुसते बघून मला खात्रीने काही सांगता आले नाही.

मी केबिनमध्ये चढलो. चावी फिरवली, पण इंजिन सुरू न करता तपासणीचे बटण दाबले. अशा इंजिनात विजेचा बिघाड झाला की कंट्रोलर, म्हणजे इंजिनवर लक्ष ठेवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, त्याचा आकडा म्हणजे कोड लक्षात ठेवतो, आणि बटण दाबल्यावर समोरचा दिवा तो आकडा मिचकावून दाखवतो. दिवा तीनदा लागला, थांबला, दोनदा लागला. तीन-दोन म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर.

हा कोड आमच्या लोडरला कायमचा होता. मूळ सेन्सर मिळेना म्हणून मामांनी दुसऱ्या मशीनचा जोडला होता. कंट्रोलरला तो कधीच पटला नाही. मामा म्हणायचे, "सून नवी आहे, सासू कुरकुरणारच. काम अडतंय का? मग राहू दे." रोज सकाळी ते चहाचा कप घेऊन केबिनमध्ये बसत, दिवा बघत आणि वरून ओरडत, "तीन-दोन! घरचे सगळे ठीक!" दुसरा आकडा आला तरच आम्ही हत्यारे काढायचो. मामी आतून म्हणायची, "दिव्याची विचारपूस झाली असेल तर आता माझीही करा." हा भाग तपासाच्या कामाचा नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले. तो राहू द्यावा अशी मी विनंती केली.

व्यापारी म्हणाला, "दिवा काय, कुठल्याही मशीनचा लागेल." त्याचे म्हणणे बरोबर होते. मामांनीही मला तेच शिकवले होते. "कोड हा तक्रारदार असतो रे, गुन्हेगार नव्हे. त्यानं नाव घेतलं म्हणून लगेच सेन्सरला फाशी देऊ नकोस. आधी वायर बघ."

म्हणून मी वायर पाहिली. रेडिएटरजवळ टेप गुंडाळलेला एक जोड होता. तो उघडण्याआधी मी हवालदारसाहेबांना लिहून घ्यायला सांगितले की, टेपखाली हिरवा दोरा निघेल. मशीन हादरते, नुसता पीळ दिलेला जोड सुटतो, म्हणून मामा टेपच्या आत शिलाईचा दोरा गुंडाळत. असे करणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. मीही करत नाही. दोरा मामीच्या डब्यातला होता. मी वर्कशॉपला आलो तेव्हा तिने माझ्यासाठी कामाचा हिरवा शर्ट शिवला, त्यातून उरलेला.

टेप कापली. दोरा काळा निघाला.

व्यापारी हसला. "काय टेस्टरराव, हिरवा कुठंय?" मामी फाटकाशी उभी होती. मी दोऱ्याचे टोक नखाने सोडवून तो उलगडू लागलो. वरचे वेढे तेलाने काळे झाले होते. सगळ्यात आतला वेढा हिरवा होता.

मामी जवळ आली. तिने तो बोटावर घेतला आणि म्हणाली, "माझाच आहे. तुझे मामा कधी विचारून न्यायचे नाहीत. शिवायला बसलं की कळायचं."

व्यापारी म्हणाला, "मी तर विकत घेतलंय." कोणाकडून, ते त्याने सांगितले नाही.

दोरा पुरावा म्हणून पाकिटात सील केला आहे. जोड मी साध्या पद्धतीने पुन्हा बांधला. जोड उघडताना चावी चालू होती व वायर सुटली, त्यामुळे तीन-चार असा एक नवा कोड आला होता. तो माझ्या हातून आलेला आहे, मशीनचा दोष नाही. आज सकाळी, लोडर ठाण्याच्या आवारात आणल्यावर, परवानगी घेऊन मी तो पुसला. मिटलेला बिघाड पुसला जातो, चालू असलेला राहतो. त्यानंतर बटण दाबून पुन्हा पाहिले. मामी खाली उभी होती. तिने विचारले, "काय म्हणतोय?" मी वरून तीन-दोन एवढेच सांगितले.

लोडर मामीच्या ताब्यात मिळेपर्यंत तीन-दोनचा कोड कोणी दुरुस्त करू नये, ही विनंती.

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. चहाच्या कपाचा भाग त्यांनी वगळला नाही. सर्व मी लिहिल्याप्रमाणे व खरे आहे, म्हणून खाली सही केली.