मागच्या खोलीसाठी

रुझा: पत्र कधी आलं म्हणालात?

गोयको: सेंट जॉर्जच्या सणाला.

रुझा: म्हणजे मे महिन्यात. आता सप्टेंबर, मिरच्या भाजायचे दिवस आले, आणि सख्ख्या भावाला तुम्ही अजून उत्तर दिलं नाही.

गोयको: लिहिलंय, रुझाबाई. सात वेळा लिहिलंय. पाठवलं नाही.

रुझा: न पाठवलेल्या पत्राला काय म्हणतात माहीत आहे?

गोयको: मसुदा.

रुझा: मी दुसरंच म्हणणार होते. असू दे, दुकानात आहोत.

तियाना: या मास्तर, या रुझाकाकू. ती पिशवी ठेवा खाली. काय आहे एवढं जड?

रुझा: लाल ढोबळ्या मिरच्या, वीस किलो. माझ्या आहेत. बाजारातून घरी निघाले होते, तर हे आमचे शेजारी तुझ्या दाराबाहेर सायकल धरून उभे. म्हटलं, आत का जात नाही? तर म्हणे, आत गर्दी आहे.

तियाना: सकाळपासून तुम्हीच पहिले, मास्तर.

गोयको: तू होतीस ना.

तियाना: मला ओळखलंत?

गोयको: शाळेच्या वाचनालयातून तू सहावीत ध्रुवप्रदेशावरचं एक पुस्तक नेलं होतंस. निळ्या पुठ्ठ्याचं.

तियाना: परत केलं होतं मी ते.

गोयको: हो, आठवीत. मी काही बोललो नव्हतो.

तियाना: तेच तर लागलं होतं. बरं, काय दाखवू?

गोयको: टीव्ही. लहानसा, मागच्या खोलीसाठी. फार भारी नको. आजकाल ते इंटरनेटवरचं दिसतं, तसा.

रुझा: मागच्या खोलीसाठी? म्हणजे वुकाशिनला, सख्ख्या भावाला, तुम्ही मागे टाकणार? एक्केचाळीस वर्षं ऑस्ट्रियात लोकांच्या भिंतींना गिलावा केला त्यानं. बायको गेली. राहती जागा ऑक्टोबरअखेर सोडायची आहे. असा माणूस घरी येणार, आणि तुम्ही त्याला त्या पुस्तकांच्या कोंडवाड्यात ठेवणार?

गोयको: त्याला नाही. तो पुढच्या खोलीत राहील. तिथे मोठा टीव्ही आहे. हा लहान माझ्यासाठी.

रुझा: तुम्ही टीव्ही बघता?

गोयको: नाही.

रुझा: मग?

गोयको: तो संध्याकाळी म्हणेल, ये, बस माझ्याजवळ, सामना लागलाय. तेव्हा सांगता येईल की माझा माझ्या खोलीत आहे.

तियाना: म्हणजे न बघण्यासाठी टीव्ही हवाय.

गोयको: असं म्हटलं की वाईट वाटतं.

तियाना: उलट सोपं होतं. खाट आणि भिंत यांच्यात अंतर किती?

गोयको: दोन मीटर वीस. मोजून आणलंय. हा कागद. खिडकीही काढली आहे त्यावर.

तियाना: छान काढली आहे. पडदासुद्धा काढलात. मग बत्तीस इंची घ्या. चोवीस इंची स्वयंपाकघरात ठीक. एवढ्या अंतरावरून त्याच्यावर चेंडू दिसत नाही. आणि याहून मोठा घेतलात तर नुसता चेंडूच दिसेल. बत्तीसमध्ये हे दोन आहेत. हा सतरा हजार दिनार, तो एकवीस.

गोयको: चित्र कोणाचं चांगलं?

तियाना: सारखंच. या आकारात जास्त बारीक चित्रासाठी कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. खाटेवरून फरक कळत नाही.

गोयको: मग वरचे चार हजार कशाचे?

तियाना: तो बटण दाबलं की लागतो. हा आधी विचार करतो.

रुझा: मास्तरांना हाच दे.

तियाना: भिंतीवर टांगायचा की पायांवर ठेवायचा?

गोयको: भिंत मातीची आहे, दीड हात जाड. खिळा ठोकला की ओंजळभर माती येते आणि खिळाही परत येतो.

तियाना: मग पायांवर. पण याचे पाय दोन टोकांना आहेत. पाऊण मीटर लांब फळी लागेल.

गोयको: फळी आहे. तिच्यावर विश्वकोश आहे.

तियाना: किती खंड?

गोयको: सहा. बारा यायचे होते. मधेच देश फुटला आणि संपला.

रुझा: मग ते सहा उचलून बाजूच्या खाटेवर ठेवा.

गोयको: त्या खाटेवर जागा नाही. तिथेही पुस्तकं आहेत.

तियाना: दोन खाटा आहेत त्या खोलीत?

गोयको: माझी आणि वुकाशिनची. लहानपणापासूनच्या. खिडकीकडची माझी, भिंतीकडची त्याची. तो गेल्यावर आईनं एक वर्ष त्याची चादर बदलली. मग मी एक पुस्तक ठेवलं.

रुझा: एक.

गोयको: सुरुवातीला एक.

तियाना: आणि पुढच्या खोलीतला टीव्ही केवढा आहे?

गोयको: पंचावन्न इंची. वुकाशिननंच पाठवला, अकरा वर्षांपूर्वी.

रुझा: त्याच्यावर यांच्या आईनं विणलेलं पांढरं आच्छादन असतं. लागलाय कधी तो?

गोयको: दोनदा. एकदा वुकाशिन आला होता तेव्हा. एकदा घराण्याच्या संताच्या सणाला पाद्रीबाबांचा चुकून बटणावर हात पडला तेव्हा.

तियाना: मग तोच मागे न्या ना. कशाला विकत घेता?

रुझा: पुढच्या खोलीतली वस्तू मागे? अगं, अख्खी गल्ली विचारेल, मास्तरांनी घर विकायला काढलं का म्हणून.

गोयको: पुढची खोली पाहुण्यांची असते, बाळ.

तियाना: ते काय मला माहीत नाही? आमच्याकडेही आहे. आमच्या आजोबांना तिथेच ठेवलं होतं.

गोयको: कोणत्या आजोबांना?

तियाना: जर्मनीतल्या. तीस वर्षांनी घरी परतले. त्यांच्याच पैशातून बांधलेलं घर. आजीनं पुढची खोली उघडली, कडक इस्त्रीच्या चादरी घातल्या, पायाशी पाहुण्यांच्या सपाता ठेवल्या. रोज सकाळी, पाहुण्यांना देतात तसा, थाळीत चमचाभर गुलाबाचा मुरंबा आणि पाण्याचा पेला. आम्हा पोरांना दम दिला होता, हळू बोला. आजोबा खुर्चीच्या अगदी कडेला बसायचे.

रुझा: म्हणजे अगदी रीतसर.

तियाना: अगदी. तेराव्या दिवशी ते कोट घालून स्वयंपाकघरात आले. म्हणाले, फार केलंत तुम्ही सगळ्यांनी, आता निघतो.

रुझा: कुठे निघतो?

तियाना: तेच तर. त्यांनाही माहीत नव्हतं. बाबांना ते बसच्या थांब्यावर सापडले, बॅग मांडीवर घेऊन. मग आजीनं त्यांचं अंथरूण मागे नेलं, कणसांच्या कोठारालगतच्या खोलीत. म्हणाली, बसून काय राहिलाय, कोंबड्यांना पाणी घाला. अजून आहेत. यंदा चौऱ्याण्णव झाली. मास्तर, तुम्हाला बरं वाटत नाही का? खुर्ची देऊ?

गोयको: नको. त्या पत्रात एक वाक्य आहे.

रुझा: पत्र बरोबर आहे?

गोयको: पुस्तकात खूण म्हणून घातलंय. थांबा. हे. "गोयको, ऑक्टोबरअखेर इथली जागा सोडायची आहे. तू हो म्हणालास तर घरी येतो, कायमचा. मला कोणत्या खोलीत ठेवशील तेवढं कळव. वुकाशिन."

रुझा: एवढंच?

गोयको: तो कमीच लिहितो.

रुझा: आणि तुम्ही उत्तरात काय लिहिलंत? सात वेळा?

गोयको: पुढच्या. अर्थातच पुढच्या, मोठ्या टीव्हीच्या, मोठ्या पलंगाच्या. आणि दर वेळी वाचलं की वाटायचं, काहीतरी खटकतंय. मला वाटलं, "अर्थातच" खटकतंय. तो शब्द काढून पाहिला. मग वाटलं, "मोठ्या" दोनदा आलंय.

रुझा: मास्तर, तो कितीही वर्षं बाहेर राहिला तरी याच गल्लीतला आहे. पुढची खोली म्हणजे काय हे त्याला कळतं.

गोयको: कळतं.

रुझा: मग तो खोली विचारत नव्हता.

गोयको: नाही. मला वाटलं, मी त्याला मान देतोय.

तियाना: आजीलाही तसंच वाटलं होतं.

गोयको: पूर्ण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं वाटलं. आई गेल्यापासून मी त्या घरात एकटा आहे, तेवीस वर्षं. वुकाशिन सामना बघताना पंचाशी भांडतो. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नाही, म्हणून आवाज मोठा ठेवतो. झोपेत बोलतो, आता बहुतेक जर्मनमध्ये. पुढच्या खोलीत ठेवलं की दोन दारं बंद करता येतात. मी काही फार चांगला भाऊ नाही, रुझाबाई.

रुझा: चांगला कुणी मागितलाय? खाट रिकामी मागितली आहे.

तियाना: मास्तर, एक सांगू? तो एकवीसवाला आहे ना, त्याला बिनतारी हेडफोन जोडता येतात. सामन्याचा आवाज फक्त काकांच्या कानात. यात ती सोय नाही, याला वायरसाठी भोकसुद्धा नाही.

गोयको: आणि पंचाशी भांडण?

तियाना: त्यावर अजून काही निघालेलं नाही.

गोयको: इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत आहे.

तियाना: तुमच्या मातीच्या भिंतीतून मागे काही पोहोचायचं नाही. ओसरीवरून तार ओढून घ्या. मी देते, वीस मीटर. त्याचे पैसे नकोत, त्या निळ्या पुस्तकाचा दंड समजा.

गोयको: बरं. तो एकवीसवाला दे. आणि हेडफोन.

रुझा: घेतलात? एवढ्यात? मी म्हटलं, आता खिडकीचं चित्र पुन्हा काढाल.

गोयको: त्याला मे महिन्यापासून थांबवलंय.

रुझा: आणि खाटेवरची पुस्तकं ठेवणार कुठे?

गोयको: पुढच्या खोलीत.

रुझा: पुढच्या खोलीत पुस्तकं? पाहुणा आला तर?

गोयको: आता तीच पाहुणी. पुष्कळ वर्षं घरच्यासारखी राहिली. तियाना, लिहायला काही देतेस?

तियाना: हे पेन. कागद?

गोयको: खोलीचा नकाशा आहे ना. त्याच्या मागे लिहितो.

रुझा: मोठ्यानं वाचा. आठवा मसुदा मी होऊ देणार नाही.

गोयको: "वुकाशिन, मागच्या. खिडकीकडची खाट तुझी. टीव्ही बत्तीस इंची, हेडफोन आहेत, ते लावायचे. मुरंबा मिळणार नाही. तुझ्या सपाता घेऊन ये. गोयको." उशिराबद्दल क्षमा मागायला हवी ना? एक परिच्छेद तरी.

रुझा: लिफाफा द्या इकडे.

गोयको: पत्ता लिहिलेला आहे. तिकीटही लावलंय. मेपासून खिशातच होता.

(टपालपेटीसमोर. टीव्हीचं खोकं गोयकोच्या सायकलीला मागे दोरीनं बांधलेलं, हँडलला मिरच्यांची पिशवी.)

रुझा: टाका.

गोयको: एकदा फक्त बघतो...

रुझा: मी चिकटवलाय तो. टाका आता, मिरच्यांना ऊन लागतंय.

गोयको: खिडकीकडची लिहिलं मी.

रुझा: ऐकलं. ती तर तुमची ना? तो भिंतीकडे झोपायचा म्हणालात.

गोयको: त्याला नेहमी खिडकीकडची हवी असायची. रोज मागायचा. मी मोठा, म्हणून दिली नाही. नंतर तो गेला, तेव्हा मागायला कुणी उरलं नाही.

रुझा: मग उजेड त्याच्याकडे. तुम्ही वाचणार कशात?

गोयको: दिवा आहे.

रुझा: टाकलंत?

गोयको: टाकलं.

रुझा: मग हात अजून पेटीत का आहे?

गोयको: काढतो.