लाल दोरा

(म्हशाच्या जत्रेचे दिवस. मुरबाडकडच्या एका घराचं परसदार, दुपार कललेली. खुराड्याशेजारी हिरव्या शेडनेटचा आडोसा बांधलाय. कल्याणहून आलेला भाचा रितेश मागच्या पायरीवर कॅमेरा घेऊन बसलाय. मावशी, वत्सला, जत्रेतून आत्ताच परतली आहे.)

रितेश: नाही, तू आधी बस. चहा मी करतो नंतर. आज जे मिळालंय ना मावशी, त्याच्या मागे दोन वर्षं होतो मी.

वत्सला: अरे, पाय तरी धुऊ दे. जीपमधी चौदा जणी कोंबल्या व्हत्या, हाडं खिळखिळी झाली. काका कुठं? घोंगडी आणलीय त्यांना म्हशावरनं. काळीभोर हाय, अंगावर घेतली तर म्हातारा पाटील दिसंल.

रितेश: ओटीवर झोपलेत. जेवून जे पडलेत ते उठलेच नाहीत. पोट जड झालंय म्हणाले, मला हाक मारून दोनदा पाणी मागितलं.

वत्सला: चेपलं असंल जास्त. मी घरात नसले की सून लाड करते सासऱ्याचे. झोपू दे. उठल्यावर दावीन घोंगडी. दिपिका नाय दिसत?

रितेश: वैनी हळदीकुंकवाला गेल्यात, खालच्या आळीत. आता बघतेस का?

वत्सला: दाव. आली व्हती का ती मुडदी?

रितेश: आली होती का म्हणून काय विचारतेस! मोरघार चक्क अंगणात उतरली. मी सातला येऊन आडोशात बसलो ते थेट दोनला बाहेर निघालो. भाकरीपण वैनीने आतच आणून दिली. हा बघ पहिला. आंब्यावर बसलीय. शेंडी बघ, कशी उभी केलीय.

वत्सला: फुडं.

रितेश: हा बघ, मान वाकडी करून खाली बघतेय. डोळा बघ, पिवळाजर्द. तू रोज शिव्या घालतेस ना, एकदा नीट बघ तरी, किती देखणी आहे.

वत्सला: देखणी! अकरा पिल्लं नेली तिनं माझी दिवाळीपासून. तुला देखणी दिसते, मला तिच्या पोटात माझी अकरा पिल्लं दिसतात. फुडं दाव. खाल्लं का तिनं?

रितेश: काय खाल्लं?

वत्सला: आज नेलं असंल ना कायतरी.

रितेश: तुला कसं कळलं? हो, नेलं. त्या सुक्या खोडावर एक पिल्लू बसलं होतं, मोठंसं, तलंग व्हायला आलेलं. गंमत म्हणजे हललंच नाही. मोरघार झेपावली तरी जागचं हललं नाही. घाबरून गोठलं असणार बिचारं.

वत्सला: हां. घाबरलं असंल.

रितेश: आणि हा. नऊ वाजून चौदा मिनिटं. पंख पूर्ण उघडे, पंज्यात पिल्लू, मागे नुसतं धुकं. एक काडी नाही मध्ये. म्हणून मी काकांच्या मागे लागलो होतो खुराड्यावरचं जाळं काढा म्हणून. जाळं असतं तर ही फ्रेम मिळाली असती का? फक्त हा तुझा दोरा आला बघ. डाव्या पायाला, लाल.

वत्सला: मंग? येणारच. माझ्या समद्या कोंबड्यांना डाव्या पायाला लाल दोरा असतो.

रितेश: जंगली पक्ष्याच्या फोटोत दोरा बरा नाही दिसत. मी नेहमी कंप्युटरवर पुसून टाकतो.

वत्सला: तू पूस बाबा तुझ्या कंप्युटरवर. हितं तो दोरा हाय म्हणून माझी कोंबडी तीन वावरं पलीकडं गेली तरी सांजच्याला घरी येती. जनाच्यांना पांढरी चिंधी, पाटलांच्यांना निळी. पण तू दोऱ्याचं नको सांगू. फुडं काय झालं ते सांग. कुठं बसून खाल्लं तिनं?

रितेश: इथेच तर घोळ झाला. बघ, उडाली, आणि हे बघ मागून चार कावळे. असे पाठी लागले की विचारू नकोस. ओढ्यापर्यंत पळवली तिला. आणि ह्या फ्रेममध्ये, बघ, पंजा रिकामा.

वत्सला: रिकामा म्हंजे?

रितेश: सुटलं पिल्लू. ओढ्यापलीकडे पडलं. ती बिचारी परत येऊन आंब्यावर बसली, अर्धा तास बघत होती, मग उपाशीच गेली.

वत्सला: चोचसुदिक नाय लावली?

रितेश: नाही ना. तुझं पिल्लूही गेलं आणि तिचं जेवणही. मावशी, काय झालं? पाणी देऊ?

वत्सला: ओढ्यापलीकडं कुठं पडलं?

रितेश: वाडीच्या वाटेवर. मी लेन्स तशीच धरून ठेवली होती, ते पण आलंय. हे बघ, कोणीतरी बाई मोळी टाकून पळतेय. इथे उचललं. इथे हात वर करून घारीला दाखवतेय, मस्त आलाय हा.

वत्सला: मोठं कर. तोंड मोठं कर तिचं.

रितेश: थांब, झूम करतो. हं.

वत्सला: जना हाय ही. अरे देवा, जना हाय ही.

रितेश: तुझी मैत्रीण? ठाकरवाडीतली?

वत्सला: रितेश, घारीच्या पायातनं सुटलेलं कोंबडं वाडीत कोन टाकून देत नाय. आमी लहानपणी घारीच्या मागं बोंबलत पळायचो, ती सोडायची, आन् त्याच रातीला कालवण. देवानं वरनं टाकलं म्हणायची आजी. जनाच्या घरात पाच माणसं हायत. तिची नातवंडं हायत.

रितेश: मग खाऊ दे की. एका पिल्लासाठी तू एवढी...

वत्सला: त्यात औषध हाय.

रितेश: कसलं औषध?

वत्सला: भाताच्या उंदरांना घालतात ते. काल तुझ्या त्या घारीनं पिल्लाला पंजा मारला, रातच्याला मेलं ते माझ्या हातात. मी पहाटं उठले, त्याला चिरा दिल्या, पूड भरली, आन् खोडावर बांधून ठेवलं, सुटंल असं. मंग जत्रेला गेले.

रितेश: तू विष घातलंस?

वत्सला: घातलं.

रितेश: माझ्यासमोर? मी तिकडे आडोशात बसून फोटो काढतोय आणि तू तिला मारायला... मावशी, कायद्याने गुन्हा आहे हा. आणि कायदा जाऊ दे, तुला काहीच कसं वाटलं नाही?

वत्सला: वाटलं ना. अकरा वेळा वाटलं. कोंबडी रिकाम्या अंगणात फिरून पिल्लांना हाका मारायची तवा वाटलं. तुझ्या काकाला म्हनलं जाळं परत टाका, तर म्हणं पोराचे फोटो व्हतायत, टाकू नंतर. कुत्रं बांधून ठेवायचं, का तर तुझी घार बिथरंल. ते खोड कोनी रोवलं तिला बसायला? तू रोवलंस. माझ्या पिल्लांच्या डोक्यावर.

रितेश: मला सांगायचं होतंस.

वत्सला: सांगितलं असतं तर गेला असतास दुसऱ्याच्या परसात?

रितेश: काका, वैनी, कोणाला माहीत आहे?

वत्सला: कोनालाच नाय. वाटलं, घार खाईल, रानात जाऊन मरंल, आन् कोनाला कळायचं नाय. तुला पन वाटलं असतं, गेली दुसरीकडं.

रितेश: किती वाजले? सव्वाचार. ते कधी शिजवतात?

वत्सला: दिवस बुडायच्या आधी चूल पेटती वाडीत. पन पोरं भुकेली असली तर दुपारीच...

रितेश: फोन कर. नंबर आहे ना?

वत्सला: काय सांगू तिला? माझ्या दिपकच्या येळंला ओढ्याला पूर आलता, सुईण येईना, तवा जनानं बाळंतपन केलं माझं. तिला सांगू, मी विष घालून टाकलं म्हणून? उद्या वाडीतलं एक माणूस माझ्या दारचं पाणी प्यायचं नाय.

रितेश: मावशी, फोन दे इकडे.

वत्सला: कोंबडी रोगानं मेली व्हती असं सांगूया का? टाकून दे म्हनावं.

रितेश: रोगाने मेलेली पण उकळून खातात लोक. खरं सांग. मी लावतो, स्पीकरवर टाकतो... लागत नाही.

वत्सला: तिकडं रेंज नसती. ती टेकाडावर आली तरच लागतो.

रितेश: मग मी बाइक काढतो. दहा मिनिटांत पोचतो. जर कोणी खाल्लं असेल तर उलट्या, पोटात आग, तहान, असलं काही दिसतंय का बघायला लागेल. इथून जीप सांगून ठेव, दवाखान्यात न्यायला.

वत्सला: थांब, परत लाव. एकदा लाव. मला भ्या वाटतंय रे, तिथं जाऊन तू काय बघशील त्याचं.

रितेश: रिंग जातेय. घे, बोल तू.

जना: हालो? कोन?

वत्सला: जने, मी वत्सला. जने, आयक, सकाळच्याला तुला ओढ्यापाशी पिल्लू गावलं ना? घारीनं टाकलेलं?

जना: अगो हां! तुला कोनी सांगितलं? मी मोळी टाकून अशी पळाले, म्हातारपणी. नातू रोशन हसत बसलाय मला.

वत्सला: पोरं कशी हायत? नातवंडं?

जना: पोरांना काय झालंय? ती बघ, चिंचेखाली दंगा करतायत. आवाज येतो का तुला?

वत्सला: येतो. येतो गो. जने, त्या पिल्लाला हात लावू नको. चुलीवर असंल तर उतरव. मी... मी त्याच्यात उंदराची पूड घातली व्हती. घारीला मारायला. मला माफ कर, पाया पडते तुझ्या, पन ते खाऊ नका कोनी.

जना: काय सांगतेस! पूड?

वत्सला: खाल्लं का कोनी? खरं सांग.

जना: नाय गो बाय, आमी नाय खाल्लं. आमच्या चुलीवर चढलंच नाय ते.

रितेश: सुटलो! मावशी, ऐकलंस ना? रडतेस काय, सुटलो आपण.

वत्सला: देवा म्हसोबा. जने, तुला नारळ देईन, देवाला देईन. टाकून दिलंस ना? पुरलंस का? कुत्र्यानं उकरायला नको.

जना: टाकीन कशाला? पायाला लाल दोरा दिसला ना, डाव्या पायाला. म्हनलं, हे तर वत्सलाबायचं. आपलं नाय ते आपन कसं खायाचं? घारीनं टाकलं तरी दोरा तुझाच ना. दुपारच्या आधी आले आन् तुझ्या सुनंच्या हातात दिलं, फुडल्या दारी. तू नव्हतीस, जत्रेला गेलीस म्हनाली.

वत्सला: दिपिकाच्या हातात?

जना: हां. चांगली हाय गो पोर, चा पाजला मला. म्हनाली, बारकं हाय, समद्यांना पुरायचं नाय, बाबांपुरतं कालवण करते. घारीनं फाडलेलं व्हतं म्हणून स्वच्छ धुतलंन तिनं माझ्यासमोर.

रितेश: मावशी.

वत्सला: काका कवा जेवले, रितेश?

रितेश: एक वाजला असेल. मी आडोशात होतो. वास आला होता मला... मावशी, दोनदा पाणी मागितलं त्यांनी. मला वाटलं, ऊन आहे म्हणून.

वत्सला: शेवटचं कवा बोलले?

रितेश: तीनला. तीनच्या आधी.

वत्सला: जा. हाक मार त्यांना.

रितेश: काका! ओ काका!

वत्सला: जोरात मार.

रितेश: काका!... मावशी, तू ये आत.

जना: वत्सलाबाय? हालो? आयकतेस ना गो? तुझ्या मालकांनी खाल्लं नाय ना ते?