दुष्ट राजा गोड झाला

बारामती-इंदापूर एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. थोरली राजनंदिनी अंथुर्ण्याला सासरी निघाली होती. धाकटी सई मोबाईलवर गेम खेळत होती.

“ताई, ह्यातला दुष्ट राजा एकदम गोड झाला. काल गाव जाळलं, आज हिरोला पाणी देतोय. पटतंय तुला?”

“माणूस बदलतो की, सई.”

“बदलू दे. पण मधी काय झालं, ते कुठं दाखवलंय? मला तर संशय येतोय.”

“पस्तावा झाला असंल.”

“माफी तरी मागितली का?”

“न्हाय. फोनवर नुसतं म्हणले, ये, सगळं विसरून जाऊ.”

“ताई, मी राजाचं बोलतीय.”

“व्हय गं.”

“अंथुर्णं आलं. ऊठ ना.”

“बस खाली. कंडक्टर, आमची तिकिटं इंदापूरपर्यंत वाढवा. आमी आत्याकडं चाललोय.”